धुळीचं बारसं

दादानं पहिली थोबाडीत दिली ती फ्लेक्सवाल्या पोपट माळ्याला. ती इतकी सणसणीत बसली की आत मशीनवर उभा असलेला पोपटचा थोरला भाऊ मशीन तसंच चालू ठेवून बाहेर आला.

“माझ्या पोराच्या नावावर हे काय चिकटवलंस?” दादा म्हणाला.

खाली फरशीवर भलामोठा फ्लेक्स पसरलेला होता. वर कोपऱ्यात दादाच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो. मध्ये गुलाबी, जांभळा, निळा असा एक झगझगीत ढग, लग्नाच्या मांडवाच्या झालरीसारखा. खाली मोठ्या अक्षरात ‘रणधीर मेघ. आकाशात रोवला तालुक्याचा झेंडा’.

पोपट गाल धरून म्हणाला, “संपतराव, तुमी दिलेल्या फोटूत कायच दिसत नव्हतं. मला वाटलं फाईल बिघडली. म्हणून नेटवरनं एक चांगला रंगीत ढग घेतला. लोकांस्नी कायतरी दिसाय नको का?”

खरं सांगायचं तर पोपटचं काही चुकलं नव्हतं. आम्ही दुर्बिणीतून शोधलेला ढग होताच तसा. काळ्या फळ्यावर ओलं फडकं फिरवल्यावर मागे राखाडी फराटा राहतो ना, तेवढाच. शंभर जणांना दाखवला तर नव्वद जण म्हणणार, बाई, फळा नीट पुसला नाही. पण हे दादाला कोण सांगणार. त्याचा हात पुन्हा वर गेला तेवढ्यात पोपटच्या भावानं फ्लेक्स कापायची लोखंडी पट्टी दादाच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. दादा जुना पैलवान, साठी उलटली तरी मान बैलासारखी. त्यानं त्या भावाची गचांडी धरून त्याला शटरवर असं आपटलं की सगळी पेठ दुकानातून बाहेर आली.

मी मध्ये पडले. मध्ये पडले म्हणजे हात जोडले असं समजू नका. माझ्या हातात स्टीलचा थर्मास होता, तो मी दादाच्या दंडावर घातला. ऐकेना म्हणून परत घातला. आम्ही साळुंखे. आमच्या घरात हात उचलणं हा बोलण्याचाच एक प्रकार होता. आमचे वडील दादाला बैलाच्या कासऱ्यानं फोडून काढायचे, आणि त्यातलं उरलंसुरलं दादा माझ्यावर काढायचा.

“सोड त्याला,” मी म्हणाले. “रविवारी कार्यक्रम आहे. चौकीत बसून सत्कार घेणार आहेस का?”

दादानं सोडलं. बाहीनं रक्त पुसून तो पोपटला म्हणाला, “मी दिलेला फोटोच लावायचा. दिसू दे, न्हाईतर न दिसू दे.”

पोपट मुकाट्यानं ‘व्हय’ म्हणाला. त्याचा भाऊ आमच्या जीपच्या चाकावर थुंकला ते मी पाहिलं, पण दादाला सांगितलं नाही. आणखी एक मारामारी आवरायची ताकद माझ्यात नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कराडला हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. दादाचा विट्याला लेथचा कारखाना होता. आकाशाचं वेड आम्हा बहीणभावांना सारखंच, पण कसब त्याच्या हातात. गावाबाहेर आमच्या माळावर त्यानं पत्र्याचं शेड उभं केलं होतं, त्याचं छप्पर रुळावरून बाजूला सरकायचं. आत त्यानं स्वतः कातून घडवलेली दुर्बीण आणि तिला लावलेला कॅमेरा. तो फोटो काढायचा आणि मी कराडला संगणकावर ते शेकड्यांनी फोटो एकावर एक रचायची. अगदी अंधूक गोष्टी तशाच दिसतात, एका फोटोत नाही. शेडमधलं पडेल ते काम रणधीर करायचा. म्हणजे तो होता तोवर.

दोन वर्षांपूर्वी रणधीर गेला होता. साखर कारखाने सुरू होते, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि त्याची मोटरसायकल तिच्यात घुसली. मला एवढंच माहीत होतं, आणि गावालाही.

येताना जीप मी चालवली. दादा ओठाला रुमाल धरून शेजारी बसला होता.

“शैले,” तो म्हणाला, “ते नाव टिकंल न्हवं?”

“टिकवणं आपल्या हातात नाही, दादा.”

या धुळीच्या ढगांना नावं कशी पडतात ते मी त्याला कितीदा सांगितलं होतं. यादी करणाऱ्याच्या आडनावाची अक्षरं आणि पुढं एक आकडा, की झालं नाव. कुणी जन्मभर जुन्या काचेच्या फोटोपट्ट्या डोळ्यांखालून घालून यादी करतं, तिच्यात हजारभर ढग, आणि सगळ्यांना एकच आडनाव. जेलातल्या कैद्यांसारखे नंबर. मग त्यातल्याच एखाद्याला कुणीतरी लाडानं टोपणनाव ठेवतं. एकाला घोड्याचं डोकं म्हणतात, एकाला शार्क, एकाला भूत. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लोकांच्या तोंडी बसलं तर बसलं, नाहीतर गेलं वाऱ्यावर. आमचा ढग परदेशातल्या हौशी मंडळींनी तपासून त्यांच्या यादीत घेतला होता, आमच्या आडनावाची अक्षरं आणि आकडा पडला होता. टोपणनाव काय लावायचं ते तेवढं आम्ही कळवायचं होतं.

“जर्मनीचा माणूस म्हणंल,” दादा म्हणाला, “काल मी रणधीरचा फोटो काढला. म्हणंल का न्हाई?”

“म्हणेल की.”

“तेवढं झालं तरी पुरं. मला ते सत्कार-बित्कार नको गं. त्याचं नाव वर राहिलं पाहिजे. आपण सगळे मेल्यावर बी कुणीतरी घेतलं पाहिजे.”

पोराला अग्नी देताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही तो माणूस जीपमध्ये रुमालात तोंड खुपसून रडला. मला भडभडून आलं. लहानपणी मार खाताना त्याच्याविषयी कधी वाटली नव्हती ती माया मला तेव्हा वाटली.

“वहिनींना सांगितलंस?” मी विचारलं.

“ती कुठं बोलतीया माझ्याशी.” तो खिडकीबाहेर बघायला लागला. “तूच आण तिला स्टेजवर. तुझं ऐकंल ती.”

हे खरं होतं. रणधीर गेल्यापासून कलावती वहिनी नवऱ्याशी अक्षर बोलल्या नव्हत्या. ताट वाढायच्या, पायानं सरकवल्यासारखं पुढं करायच्या आणि आत निघून जायच्या. लोक म्हणायचे, एकुलतं एक पोर गेलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही तेच समजत होते.

तो ढग सापडला कसा तेही सांगते. रणधीरच्या मागे दादानं शेडला कुलूप ठोकलं होतं. मग एक दिवस न कळवता कराडला आला, माझ्यापुढं हार्ड डिस्कची डबी टाकली, तिच्यात जुने सगळे फोटो. म्हणाला, “उत्तरेकडच्या ह्या तुकड्यात मागं एक डाग येतोय. खरा हाय का खोटा ते बघ.”

मी बघितलं. डाग होता. पण असे डाग आमच्या धंद्यात पैशाला पासरी. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर धूळ बसली, दव धरलं, कुणाचं बोट लागलं, तरी फोटोत अगदी असाच फराटा येतो. आकाशातली धूळ आणि काचेवरची धूळ फोटोत सख्ख्या बहिणी दिसतात. ओळखायची युक्ती मात्र सोपी आहे. कॅमेरा दुर्बिणीवर फिरवून बसवायचा आणि परत फोटो घ्यायचा. डाग काचेवरचा असला तर फोटोत जिथल्या तिथं राहतो. आकाशातला असला तर ताऱ्यांबरोबर जागा बदलतो. मी विट्याला गेले, शेड उघडलं, कॅमेरा फिरवला. डागानं ताऱ्यांबरोबर जागा बदलली.

“दादा, आकाशातलाच आहे हा,” मी म्हणाले. “काच स्वच्छ आहे.”

तो बाहेर गेला आणि शेडच्या पत्र्यावर दोन्ही मुठी आपटायला लागला. धाड, धाड, धाड. पत्र्याला पोचे पडले, बोटांची सालं निघाली, तरी थांबेना. मला वाटलं, आनंद झालाय, आणि आनंद दाखवायचं दुसरं वळण या माणसाला कुणी लावलेलं नाही. आत येऊन तो एवढंच म्हणाला, “ह्याला रणधीरचं नाव द्यायचं.”

असो. त्या दिवशी जीप घरासमोर लावली आणि मी थेट परसदारी गेले. वहिनी उखळात मिरच्या कांडत होत्या. मुसळ असं पडत होतं की जमीन हादरत होती. तिखटाचा खकाणा माझ्या नाकात गेला, मला ठसका लागला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही.

“वहिनी, रविवारी याल ना?”

“कशाला वो, वन्सं?”

“ढगाला रणधीरचं नाव देतायत. आमदार येणार आहेत. तुम्ही आई आहात, तुम्ही असायला पाहिजे.”

मुसळ थांबलं. “ढग कसला? पावसाचा?”

“पावसाचा नाही, धुळीचा. लई लांबचा. ताऱ्यांच्या मधे मधे अशी धूळ पसरलेली असते. कौलातून कवडसा आला की हवेतली धूळ दिसते बघा, तसंच.”

“मग ह्याच्यावर कुणाचा कवडसा?”

“कुणा एका ताऱ्याचा नाही. आपल्या आकाशगंगेतले सगळे तारे मिळून जो थोडासा उजेड पडतो, तेवढाच.”

वहिनी मुसळाला टेकून उभ्या राहिल्या. “सगळ्यांनी मिळून उजेड टाकला तरी दिसंना?”

“जेमतेम दिसतो.”

“म्हंजे धुळीचं बारसं घातलंय तर,” त्या म्हणाल्या आणि परत मुसळ उचललं. चार घाव घातल्यावर म्हणाल्या, “येते मी. तुमी सांगताय म्हणून येते. त्यांनी सांगितलं असतं तर हेच मुसळ घातलं असतं.”

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. आमदार मुंबईला अडकले होते, त्यांचे धाकटे बंधू आले. त्यांनी मिशीवर हात फिरवत भाषण ठोकलं, की आपल्या मातीतल्या पोराचं नाव आता चंद्रसूर्याच्या पंगतीला बसलं, आणि जोवर आकाश आहे तोवर रणधीर आहे. टाळ्या पडल्या. दादा फाटक्या ओठानिशी, इस्त्रीच्या शर्टात, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मग वहिनींना पुढं बोलावलं. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि नारळ पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

बंधूंनी दोरी ओढली. फ्लेक्सवरचा पडदा खाली आला.

पोपटनं या खेपेला आमचाच फोटो लावला होता. मागून कुणीतरी म्हणालं, “कुठं हाय?” आणि चारदोन जण फिसकन हसले. काळ्यावर तारे, आणि त्यांच्यामधून बाकदार, राखाडी, दिसला न दिसला असा एक फराटा. मी माईककडं निघाले, म्हटलं, आता समजावून सांगावं लागणार.

तेवढ्यात वहिनी वळल्या. फ्लेक्सजवळ गेल्या. त्या फराट्यावरून त्यांनी बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाक आला तिथं बोट थांबलं आणि बरोबर वळलं. ज्याला तो ढग पाठ आहे त्यालाच असं जमतं. मलाही पहिले कित्येक दिवस त्याचं खालचं टोक सापडत नव्हतं.

“ह्यो डाग,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, हाच तो ढग,” मी म्हणाले.

“ढग न्हवं. डाग. काचंवरचा.” त्या दादाकडं वळल्या. “ह्योच न्हवं?”

माईक चालू होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. दादा मान खाली घालून उभा राहिला. दोन वर्षांत बायकोनं त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न.

“मी विचारतीया. ह्योच न्हवं?”

“ह्योच,” दादा म्हणाला.

वहिनींनी हातातला नारळ त्याच्या कपाळावर घातला.

फेकला नाही. हातात धरून घातला, देवापुढं दगडावर फोडतात तसा, पूर्ण ताकदीनं. भुवईच्या वरचं कातडं उघडं पडलं. दादा डुलला, पण त्याचे हात खालीच राहिले. वहिनींनी परत घातला, आणि या खेपेला नारळ फुटला. नारळाचं पाणी आणि रक्त एकत्र होऊन त्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं. आमदारांचे बंधू मागं सरकताना खुर्चीसकट आडवे झाले. बायका किंचाळायला लागल्या.

मी धावले आणि वहिनींना मागून कवळ घातली. हाडकुळी बाई ती, पण मला आवरेना.

“वन्सं, सोडा मला,” त्या म्हणाल्या. ओरडत नव्हत्या, धापा टाकत होत्या. “ह्याच डागासाठी मारलं ह्यांनी माझ्या पोराला. काच पुसली न्हाई म्हणून. लोखंडानं मारलं. आन् त्याच डागाला आता त्याचं नाव देत्यात.”

माझे हात सुटले. सुटले म्हणजे मी सोडले. वहिनींच्या हातात फुटक्या नारळाची अर्धी करवंटी होती, ती त्यांनी दादाच्या कानशिलावर मारली तेव्हा मी दोन पावलांवर उभी होते आणि जागची हलले नाही. दादा गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. वहिनींनी फ्लेक्सच्या कोपऱ्यात दोन्ही हात घातले आणि तो वरपासून खालपर्यंत टरकावला. मग त्या स्टेजच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि हाताला लागलेलं खोबरं शालीला पुसायला लागल्या.

दवाखान्यात दादानं डॉक्टरांना सांगितलं, “पायरीवरनं पडलो.” डॉक्टरांनी त्याच्या केसांतून करवंटीची कपची काढली, ती ट्रेमध्ये ठेवली आणि पुढं काही विचारलं नाही. टाके पडले. डॉक्टर बाहेर गेले आणि खोलीत आम्ही तिघंच राहिलो. वहिनी खिडकीशी, दादा पलंगावर, मी मध्ये.

“सांग,” मी दादाला म्हणाले.

“काय सांगू? ती सांगतीया ते खरं हाय.”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.”

तो छताकडं बघत बोलायला लागला. “फोटो आला. त्यात त्यो डाग. आदल्या दिवशीच मी त्याला काच पुसायला सांगितली होती. मी म्हणालो, पुसली न्हाईस. त्यो म्हणाला, आबा, पुसली. मी त्याचं मुंडकं धरून पडद्याला लावलं, हे बघ म्हणालो. तर त्यो म्हणाला...” दादा थांबला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आबा, कॅमेरा फिरवून बघूया. डाग जागचा हलतो का बघूया.”

तीच युक्ती. मी जी दोन वर्षांनी केली आणि जिच्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली, ती त्या पोरानं तिथंच उभ्या उभ्या सांगितली होती. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला असता.

“मग?”

“मी म्हणालो, मला शिकवतोस? दुर्बिणीचा तोल धरणाऱ्या वजनाची लोखंडी दांडी हाताशी होती.”

मी उठले आणि त्याच्या टाके पडलेल्या बाजूच्या गालावर खणकन ठेवून दिली. पट्टी भिजून लाल झाली. तो हूं की चूं न करता तसाच पडून राहिला. मी आणखी मारणार होते, पण वहिनी म्हणाल्या, “राहू द्या, वन्सं. मारून काय होतंय ते बघितलंय की आपण.” मी मटकन खुर्चीत बसले आणि रडले. मला राग येत होता आणि रडू येत होतं आणि दोन्हीपुढं माझं काही चालत नव्हतं.

मी डोळे पुसल्यावर वहिनींनी विचारलं, “ते नाव पाठवलं का तुमी?”

“नाही. कार्यक्रम झाल्यावर पाठवायचं ठरलं होतं.”

“नका पाठवू.”

दादा कोपरावर उठला. “अगं, मला काय बी कर. नारळानं मार, धोंड्यानं मार. पण तेवढं नाव राहू दे त्याचं. मी त्याचं वाटोळं केलं, मला कळतंय. दुसरं काय देऊ मी त्याला? वर त्याचं नाव तरी राहील.”

“नाव?” वहिनी त्याच्याकडं वळल्या. “त्याला त्या नावाची भीती वाटायची. ठावं हाय तुमास्नी? मी त्याला राणू म्हणायची, वन्सं राणबा म्हणायच्या, कॉलेजातली पोरं आणि कायतरी म्हणायची. रणधीर म्हणून हाक एकटे तुमी मारायचा. आणि ती हाक आली की तिच्या मागनं मार यायचा. बारकं होतं तवा हाक ऐकली की चुलीमागं जाऊन बसायचं, राखंत. मिशा फुटल्या तरी त्या नावासरशी त्याचे खांदे वर जायचे.”

दादा कोपरावरून परत उशीवर आडवा झाला.

“त्या राती मी भाकरी घेऊन आले होते शेडावर. मी दारात होते, पडद्यावरचा त्यो डाग तवाच माझ्या डोळ्यांत बसला. पोर माझ्या अंगावरनं बाहेर पळालं, डोकं फुटलेलं. गाडी काढली. शेडापासनं डांबरीपर्यंत गाडीचा दिवा लावायचा न्हाई, फोटू बिघडतो, ह्यो तुमचाच नियम. डोकं फुटलेलं असताना बी पाळला त्यानं. मी बघत होते. म्हटलं, डांबरी आली की लावंल. डांबरी आली. आणि तुमी मागनं हाक मारली.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“रणधीर म्हणून वरडला तुमी. मग त्यानं दिवा लावलाच न्हाई. अंधारातच गाडी पळवली. कुठं चाललाय ते तुमास्नी दिसू नये म्हणून.”

बाहेर कुणीतरी बादली आपटली. दादानं भिंतीकडं तोंड केलं.

“आता तितं वर गप पडून हाय ती धूळ, तर पडू द्या,” वहिनी म्हणाल्या. “नाव लावू नका. नाव लावलं की कोण बी उठून हाक मारंल.”

दादा भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, “बरं.”

मी त्या संध्याकाळी कळवलं, की टोपणनाव ठेवायचं नाही. दादा त्यानंतर सहा वर्षं जगला. शेडची दुर्बीण त्यानं स्वतः घणानं फोडली आणि भंगारात घातली, मी अडवलं नाही. वहिनी त्याला शेवटपर्यंत वाढत राहिल्या, शेवटच्या आजारात त्याचं सगळं केलं, पण बोलल्या नाहीत.

त्या यादीत आमचा ढग अजून आहे. आडनावाची अक्षरं, आकडा, आणि पुढची जागा रिकामी. आता कॅमेरे चांगले झालेत, पोरंसोरं त्याचे फोटो काढतात. परवा ऑस्ट्रियातल्या एका मुलाचं पत्र आलं, मोठं लाघवी. म्हणे, बाई, हा मान वळवून बसलेल्या हंसासारखा दिसतो, बिचाऱ्याला नाव नाही, मी ठेवू का? मी चार शब्दांत उत्तर द्यायला बसले आणि अर्धा दिवस गेला. शेवटी लिहिलं, फोटो छान आहे, हवे तेवढे काढ. पण नाव ठेवू नकोस. त्याला हाक मारलेली आवडत नाही.